पूर्ण होणाऱ्या गोष्टींचा आठवडा : प्रकल्प नोंदी

5 जुलै 2025, शनिवार – आखणी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मी उत्पादन नियोजनाचे काम पाहते. या कामाचा स्वभावच असा आहे की त्याचा दिवस कधी मिटत नाही. आज ओतायचे राहिलेले साचे उद्याच्या शेड्यूलमध्ये जातात, उद्या न निघालेला माल परवाच्या गाडीवर चढतो, आणि रिजेक्शनमुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या नगांची भर त्यात रोज पडत राहते. ओतकामाचा धंदा असाच चालतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु गेले कित्येक महिने घरी आल्यावरही मी तीच अर्धवट राहिलेली यादी मनात वाचत असते, असे लक्षात आल्यामुळे सोमवारपासून पुढच्या रविवारपर्यंतची रजा मी मागून घेतली आणि ती कशी घालवायची हे कामाच्याच शिस्तीने ठरवले.

आखणी अशी आहे. या आठवड्यात खेळ, पुस्तके आणि चित्रपट यांखेरीज काही हाती घ्यायचे नाही, आणि त्यांतूनही ज्यांना स्वतःचा शेवट आहे अशाच गोष्टी निवडायच्या. बुद्धिबळाचा डाव मात होऊन किंवा बरोबरीत संपतो, चित्रपटाचा पडदा पडतो, कादंबरीला शेवटचे पान असते. विश्रांती मिळते ती निव्वळ रिकामपणाने मिळते की काहीतरी पूर्ण झाल्याच्या जाणिवेने, हे मला पाहायचे आहे, आणि माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे हे येथे आधीच नोंदवून ठेवते. कारखान्यातील सहकाऱ्याकडे शेड्यूल लेखी सोपवले असून पाळीचा व्हॉट्सअॅप गट आठवडाभरासाठी बंद ठेवला आहे.

संध्याकाळी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन वि. स. खांडेकरांची ‘ययाती’ घेऊन आले. हे ग्रंथालय 1850 सालचे आहे, म्हणजे यंदा त्याला 175 वर्षे होत आहेत. पुस्तक उघडताना त्याच्या पानांना येणारा जुना वास हा मला वाचनाचाच भाग वाटतो. ‘ययाती’ निवडण्याचे कारण सरळ आहे. खांडेकर 1938 मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले ते अखेरपर्यंत येथेच राहिले, 1959 सालच्या या कादंबरीला 1974 मध्ये मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार लाभला, आणि तरीही महाविद्यालयात असताना परीक्षेपुरती चाळल्यानंतर मी ती सलग कधीच वाचलेली नव्हती.

परतताना खासबाग मैदानाकडून आले. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या बाजूला मान वळवल्याशिवाय तेथून जाता येत नाही. 1915 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीत जळाले. आमच्या घरातील तीन पिढ्यांनी तेथे नाटके पाहिली आहेत, आणि ते पुन्हा पूर्ववत उभे राहावे अशी प्रत्येक कोल्हापूरकराप्रमाणे माझीही मनापासून इच्छा आहे.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. घरी सर्वांचा उपवास आणि पाहुण्यांची ये-जा. आण्णा (माझे सासरे) पहाटेच नंदवाळच्या दिंडीला गेले होते. प्रकल्पाचे काम आज नाही.

7 जुलै, सोमवार – बुद्धिबळ

सकाळपासून पावसाची झड आहे. अशा दिवसांत कोल्हापुरात प्रत्येक घरी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी विचारली जाते, आणि 39 फुटांची इशारा पातळी व 43 फुटांची धोका पातळी हे आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आज चिंतेचे कारण नव्हते, तेव्हा पट मांडला.

आण्णा जुन्या देशी रीतीने खेळत मोठे झाले. त्या रीतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरकते आणि शह बसलेला नसताना राजाला एकदा घोड्याची उडी घेता येते. मुलगी शाळेत आंतरराष्ट्रीय नियमांनी शिकली आहे. दोघांचा एक डाव जुन्या रीतीने व एक नव्या रीतीने झाला. जुन्या रीतीतील डाव हळू उमलतो. दोन्ही सैन्ये समोरासमोर येईपर्यंत बराच वेळ जातो आणि त्या वेळात खेळणारा आपली रचना मनासारखी बांधून घेऊ शकतो. मुलीला प्रारंभी हा संथपणा सहन होईना, पण आण्णांनी तिच्या वजिरासमोर प्याद्यांची जी भिंत उभी केली ती फोडताना ती पुढची चाल विचारण्याचेसुद्धा विसरून गेली.

दुपारी मी एकटीनेच पटावर एक प्रसिद्ध डाव पुन्हा मांडून पाहिला. 12 डिसेंबर 2024 रोजी सिंगापूर येथे डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि अखेरचा नियोजित डाव झाला. त्याआधी दोघांचे गुण 6.5–6.5 असे समान होते. गुकेशकडे काळी मोहरी होती. पंचावन्नाव्या चालीपर्यंत पटावर दोघांचा एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी उरली होती. काळ्याकडे एक प्यादे जास्त होते, परंतु एवढ्या आधिक्यावर असा डाव सहसा जिंकता येत नाही आणि तो बरोबरीत सुटेल असेच बहुतेकांना वाटत होते. अशा वेळी डिंग यांनी आपला हत्ती राजाशेजारी अशा घरात नेला की तेथे हत्तीला हत्ती मारला जाणे अटळ झाले.

या चालीत काय बिघडले हे मला बातमी वाचून कधीच नीट समजले नव्हते. पटावर मोहरी मांडल्यावर ते डोळ्यांना दिसले. पांढऱ्याचा उंट डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातील घरात उभा होता, आणि कोपऱ्यातल्या उंटाला जाण्यासाठी एकच तिरपी रेघ असते. हत्ती निघून गेल्यावर काळ्याने आपला उंट त्याच रेघेवर मध्यभागी आणून ठेवला, त्याला मागून राजाचा आधार होता, आणि पांढऱ्याच्या उंटाला त्या रेघेवरून हटण्यास जागाच नव्हती. उंटाला उंट गेला की उरतात फक्त राजे आणि प्यादी, आणि तेव्हा ते एक जादा प्यादे निर्णायक ठरते. त्यानंतर अठ्ठावन्नाव्या चालीला डिंग यांनी पराभव मान्य केला. गुकेश तेव्हा 18 वर्षांचा होता. त्यापूर्वी सर्वांत कमी वयात जगज्जेता होण्याचा मान 22 व्या वर्षी, 1985 मध्ये, गॅरी कास्पारोव्हने मिळवला होता.

तो अंतिम प्रसंग मी कितीतरी वेळा मागे-पुढे करून पाहिला. तासाभरात माझे मन शिरोलीकडे एकदाही वळले नाही, ही या प्रकल्पातील पहिली लिहून ठेवण्यासारखी नोंद आहे.

8 जुलै, मंगळवार – वाचन

दिवसभर ‘ययाती’. जेवणे आणि चहा एवढाच खंड. रात्री पुस्तक मिटले तेव्हा देवयानीचे कथन सुरू होण्याच्या बेतात होते. सविस्तर नोंद पुस्तक संपल्यावर लिहीन. कादंबरी एका दिवसात संपणारी नाही, आणि त्यामुळे आखणीतील माझी कसोटी येथे थोडी सैल करावी लागली. दिवसाचे वाचन एखाद्या कथनाच्या अखेरीस थांबवले की तेवढा भाग तरी पूर्ण झाल्यासारखे वाटते, हा उपाय आज हाती आला.

9 जुलै, बुधवार – चित्रपट

प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ (1932) आज घरातील सर्वांनी मिळून पाहिला. कोल्हापूरच्या माणसाने हा चित्रपट पाहिलेला नसावा हे मला फार दिवस सलत होते. येथून जवळच, खरी कॉर्नरला, कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. त्याच्याशेजारून शाळेला जाताना आम्ही तो रोज पाहिला, परंतु त्यामागची माणसे किती मोठी होती हे उशिरा कळले. बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्र विकत घेण्याऐवजी स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, आणि 1920 च्या ‘सैरंध्री’साठी लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभातची स्थापना केली. 1933 मध्ये कंपनी पुण्यास गेली, आणि तिचा तेथील स्टुडिओ आज फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून ओळखला जातो. ‘अयोध्येचा राजा’ मात्र कोल्हापूरचाच आहे.

पहिला अर्धा तास सर्वांना जड गेला हे मोकळेपणाने लिहिले पाहिजे. चित्र अधूनमधून फिकट होते, आवाज खरखरतो, पात्रे नाटकातल्यासारखी सावकाश आणि ठासून बोलतात. मुलीने विचारले की गाणारा माणूस आणि दिसणारा माणूस एकच कसा. तेव्हा आण्णांनी तिला समजावून दिले की त्या काळी पार्श्वगायनाची पद्धत अजून आलेली नव्हती. हरिश्चंद्राची भूमिका करणारे गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात होते, साथीदार चौकटीबाहेर बसून वाजवत होते, आणि चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपले जात होते. संगीतही टेंब्यांचेच. हे ऐकल्यावर ती प्रत्येक गाण्यात साथीदार कुठे बसले असतील याचा अंदाज बांधू लागली, आणि तिचे पाहून आम्हीही. गाणे चालू असताना पात्रे फारशी का हलत नाहीत, मान का वळवत नाहीत, याचा उलगडा होत गेला, कारण आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनपासून फार दूर गेले तर गाणेच हरवले असते. ज्याला आपण जुनाटपणा म्हणतो त्यातला पुष्कळसा भाग म्हणजे यंत्राने घातलेली मर्यादा सांभाळून केलेले कौशल्याचे काम आहे, हे एकदा दिसू लागले की चित्रपट वेगळाच भासतो.

दुर्गाबाई खोट्यांची तारामती पाहताना आई (सासूबाई) म्हणाल्या, “चांगल्या घरची, शिकलेली बाई त्या काळात पडद्यावर उभी राहिली, हे सोपं न्हवतं बघ.” ते खरेच आहे. सुशिक्षित, प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चित्रपटात काम करणे 1932 मध्ये समाजाला मान्य नव्हते, आणि दुर्गाबाईंच्या येण्याने ती वाट इतरांसाठी काहीशी मोकळी झाली. राज्य, घर, पत्नी, मुलगा असे एकेक सुटत जाणारी हरिश्चंद्राची कथा आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. 1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांनीही आपल्या पहिल्या चित्रपटासाठी हीच कथा निवडली होती. शेवट माहीत असूनही स्मशानातील प्रसंगाला खोलीत कोणी बोलत नव्हते. माहीत असलेला शेवट पुन्हा पूर्ण होताना पाहण्यात एक निवांतपणा असतो, आणि कीर्तनाला तीच तीच आख्याने ऐकायला माणसे वर्षानुवर्षे का जातात याचे कारण बहुधा तेच असावे.

10 जुलै, गुरुवार – गंजिफा

गुरुपौर्णिमा. सकाळी आण्णांना नमस्कार करताना मी त्यांना गंजिफा, म्हणजे गोल पानांचा जुना पत्त्यांचा खेळ, शिकवण्याची विनंती केली. ते नोकरीनिमित्त बरीच वर्षे सावंतवाडीत होते आणि तेथील राजवाड्यात तयार होणारा दशावतारी गंजिफांचा एक संच त्यांनी तेव्हा आणला होता. तो आमच्या कपाटात रंगीत लाकडी पेटीत असे आणि पाहुण्यांना दाखवण्यापुरताच बाहेर निघे. आज तो खेळण्यासाठी उघडला. आठवड्यातील सर्वांत समृद्ध दिवस हाच ठरला, म्हणून त्याची नोंद सविस्तर करते.

एकूण पाने 120. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची दहा. पान गोल असते, तळहातात सहज मावते, आणि हाताने रंगवून वर लाखेचा थर दिलेला असल्याने बोटांना गुळगुळीत व किंचित थंड लागते. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. पंज्यावर पाच मासे असतात आणि प्रत्येक माशाचा डोळा वेगळा काढलेला असतो. एकाच कुंचल्याने काढलेले असूनही कोणतेही दोन मासे तंतोतंत सारखे नाहीत. नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे कोपऱ्यात आकडा नसल्यामुळे पान अर्धवट दिसून चालत नाही, ते पूर्ण पाहावे लागते, आणि हातातील पाने रुंद पसरून धरावी लागतात. तिघांच्या डावात प्रत्येकाच्या वाट्याला 40 पाने येतात. एवढी गोल पाने एका हातात सांभाळणे हेच पहिल्या तासाभराचे शिक्षण होते.

पाने पिसायची नसतात, कारण पिसताना रंगाला ओरखडे पडतात. आण्णांनी जुने धुतलेले धोतर अंथरले, त्यावर पाने पालथी पसरली आणि दोन्ही हातांनी गोल फिरवत मिसळली. मग वाटप.

उतारी, म्हणजे पहिले पान टाकण्याचा मान, कोणाची हे नाणे उडवून ठरत नाही. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याची, रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा आला त्याची. खेळाच्या नियमात दिवस आणि रात्र अशी विभागणी असावी हे मला अतिशय सुंदर वाटले. त्याहून अधिक विचार करायला लावणारा नियम पानांच्या क्रमाचा आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह आणि वामन या पाच रंगांत राजा आणि प्रधान यांच्या खालोखाल दश्शी मोठी, आणि उतरत उतरत एक्का सर्वांत लहान. परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की या पाच रंगांत क्रम उलटा होतो, म्हणजे प्रधानानंतर एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत खाली. त्यामुळे हातातील एकाच आकड्याची दोन पाने एकमेकांच्या अगदी विरुद्ध किमतीची असू शकतात. मी वराहाची दश्शी राखून ठेवली तर शहाणपण, कल्कीची दश्शी राखून ठेवली तर ओझे.

हुकमाचा असा वेगळा रंग या खेळात नाही. खरे बळ स्मरणाचे आहे. कोणत्या रंगातील वरची पाने निघून गेली आणि आता त्या रंगात उरलेले सर्वांत मोठे पान कोणाकडे असू शकते, हे दहा रंगांच्या बाबतीत एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते. ज्याला हा हिशेब जमतो त्याचे साधे चौकेदेखील हात मिळवून देतात, कारण त्याच्यावरचे सगळे संपलेले असते. आण्णा वयाच्या पंचाहत्तरीनंतरही हा हिशेब अचूक ठेवत होते. मी कारखान्यात शेकडो नगांची स्थिती संगणकाच्या पडद्यावर पाहत असते. येथे पडदा नव्हता आणि प्रत्येक पान मनातच नोंदवायचे होते. तरीही थकवा आला नाही. येथे लक्षात ठेवलेली प्रत्येक गोष्ट डाव संपताच टाकून देता येते, आणि पुन्हा पाने मिसळली की मागचे काहीही शिल्लक उरत नाही. कामातल्या स्मरणाला ही मुभा नसते. फरक बुद्धीवर पडणाऱ्या ताणाच्या प्रमाणात नसून त्या ताणाला शेवट आहे की नाही यात आहे, असे माझे मत आज पक्के झाले.

पहिला डाव दुपारी रामाच्या राजाने सुरू झाला होता. दुसऱ्या डावाची पाने वाटेपर्यंत दिवेलागण झाली, आईंनी देवापाशी निरांजन लावले, आणि आण्णा म्हणाले, “आता कृष्णाचा राजा कोणाकडे हाय ते बघा.” तो मुलीकडे होता. तिने तो असा काही टेचात खाली ठेवला की आण्णांना हसू आवरेना.

11 जुलै, शुक्रवार – न संपणाऱ्या गोष्टी

आज पुतण्या मुक्कामाला आला आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संगणकीय खेळांची त्याला उत्तम जाण आहे. “काकू, तुमच्या प्रकल्पात एक तरी व्हिडिओ गेम पाहिजे,” असा त्याचा आग्रह पडला, म्हणून त्याने निवडलेला टेट्रिस खेळून पाहिला. मॉस्कोतील अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी 1984 मध्ये तयार केलेला हा खेळ रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे, यात मला शंका नाही. चार चौकोनांचे तुकडे जोडून होणारे सात आकार, वरून एकामागून एक पडणारे. ओळ भरली की ती नाहीशी होते आणि वेग हळूहळू वाढत जातो.

परंतु माझ्या कसोटीवर तो उतरत नाही, आणि का उतरत नाही हे समजणे उपयोगाचे ठरले. टेट्रिसमध्ये जिंकून संपणे नाही. भरलेली ओळ, म्हणजे पूर्ण केलेले काम, डोळ्यांसमोरून पुसली जाते, आणि न जमलेले तेवढे साचत राहते. खेळ थांबतो तो हरल्यावर. पुतण्याने सांगितले की जुन्या निन्टेन्डो यंत्रावरील आवृत्तीला अखेरपर्यंत नेणे माणसाला अशक्य आहे असे अनेक वर्षे मानले जात होते, आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतील एका 13 वर्षांच्या मुलाने 157 व्या पातळीवर पोहोचून तो प्रोग्रामच गोठवला. त्या मुलाच्या एकाग्रतेचे मला मनापासून कौतुक वाटते. मात्र मला विचाराल तर भरलेल्या ओळी गायब होऊन वरून नवे तुकडे पडत राहणे हे माझ्या रोजच्या शेड्यूलचेच चित्र आहे, आणि विश्रांतीच्या आठवड्यात ते मी पाहू इच्छित नाही. पुतण्याला हे कारण पटले. त्याचे म्हणणे असे की त्याला कॉलेजात दिवसभर काहीच ठोस हाती लागत नाही, म्हणून त्या वेगात त्याला बरे वाटते. तेही खोटे नसावे.

दूरचित्रवाणीवर मालिकेचा पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय याच कारणासाठी या आठवड्यापुरती बंद केली आहे.

12 जुलै, शनिवार – ‘ययाती’ पूर्ण

दुपारी पुस्तक संपले. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापल्या तोंडून कथा सांगतात, ही या कादंबरीची रचना सर्वांना ठाऊक आहे. परंतु तिचा परिणाम सलग वाचल्याशिवाय कळत नाही. ययातीचे बोलणे ऐकताना त्याची कणव येते, देवयानीचे सुरू झाले की तोच माणूस परका वाटू लागतो, आणि शर्मिष्ठेच्या कथनात पोहोचल्यावर आधीच्या दोघांनी काय काय पाहिलेच नव्हते हे उमगते. खांडेकरांची भाषा अलंकारिक आहे, काही ठिकाणी उपमांची दाटी होते आणि आजच्या वाचकाला ती थांबवते. तरी शर्मिष्ठेच्या वाट्याला आलेली पाने मला या पुस्तकाचा गाभा वाटतात, आणि राजकन्या असून दासी झालेल्या त्या बाईने कोठेही स्वतःची कीव केलेली नाही, हे विशेष.

महाभारतातील कचाची कथा संजीवनी विद्या मिळवून तो परत गेला की संपते. खांडेकरांनी त्याला पुढेही जिवंत ठेवले आणि ययातीच्या समोर उभे केले. या एका बदलाने मूळ आख्यानाचा तोल बदलतो: उपभोगाला मर्यादा घालणारा माणूस दूरच्या आश्रमात न राहता कथेच्या आतच वावरू लागतो. पूरूचे तारुण्य घेऊनही तृप्त न झालेल्या ययातीने महाभारतात अखेर म्हटले आहे की उपभोगाने वासना शमत नाही, आहुतीने अग्नी वाढावा तशी ती वाढतच जाते. कालच्या नोंदीनंतर हे वाचताना मी बराच वेळ पुस्तक मांडीवर ठेवून बसले होते. पुढचा भाग, पुढचा तुकडा, पुढची पातळी हे सारे त्या आहुतीच्याच जातीचे आहे.

खांडेकरांचे चित्रपटलेखन हा विषय मी वाचनाच्या यादीत घातला आहे. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात स्थापन केलेल्या हंस पिक्चर्सच्या 1936 सालच्या ‘छाया’ची कथा खांडेकरांची होती. पुस्तकांचे गाव आणि चित्रपटांचे गाव अशी दोन कोल्हापुरे नव्हतीच, हे त्यातून दिसते.

संध्याकाळी कॅरम. दमट हवेने फळी ओढत होती, बोरिक पावडर टाकूनही स्ट्रायकर निम्म्यातच थांबे. राणी दोनदा काढून दोन्ही वेळा कव्हर न मिळाल्याने पुतण्याला ती परत मांडावी लागली. डाव मुलीने जिंकला.

13 जुलै, रविवार – ‘साधी माणसं’

शेवटचा चित्रपट मी मुद्दाम राखून ठेवला होता: भालजी पेंढारकरांचा 1965 सालचा ‘साधी माणसं’. एक लोहार दांपत्य, जयश्री गडकर, आणि आनंदघन या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत. भालजींचा जयप्रभा स्टुडिओ 1948 मध्ये, गांधीहत्येनंतरच्या दंगलीत, जाळला गेला होता. त्यांनी तो पुन्हा उभा केला आणि नंतरही कोल्हापुरातच राहून चित्रपट काढले. जळालेले उभे राहू शकते, हे या शहराने एकदा अनुभवले आहे.

मला स्वतःला या चित्रपटात ऐरणीचे प्रसंग सर्वांत भावले, कारण लोखंड हा माझाही रोजचा विषय आहे. आमच्या भट्टीत लोखंडाचा रस होतो, 1,400 अंश सेल्सिअसच्या आसपास तो साच्यात ओतला जातो, आणि वस्तूचा आकार आधीच वाळूत ठरलेला असतो. लोहार लोखंड वितळवत नाही. तो ते लाल होईपर्यंत तापवतो, ऐरणीवर ठेवतो आणि निवण्याआधी घणाच्या मोजक्या घावांत त्याला आकार देतो. निवले की पुन्हा भट्टीत. ऐरणीच्या देवाला ठिणगी वाहण्याचे ते गाणे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, परंतु त्याची लय घणाच्या आणि भात्याच्या हालचालीला धरून आहे हे आज चित्रासह पाहताना ध्यानात आले. मोल्डिंगच्या पाळीतील वयस्कर कारागीर काम करताना हेच गाणे गुणगुणतात. ते का, हे त्यांना कधीतरी विचारीन.

चित्रपटानंतर आण्णा आणि पुतण्या यांच्यात वाद रंगला. आण्णांच्या मते भालजींचे सामर्थ्य संवादांत आहे, पुतण्याच्या मते चेहऱ्यांत. त्याने एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावला आणि सर्वांना पाहायला लावला. आवाजाविनाही प्रसंग समजत होता, एवढे आण्णांनी मान्य केले, पण त्यापुढे ते सरकले नाहीत.

‘ययाती’ उद्या शाळेला जाताना ग्रंथालयात पोहोचवण्याची जबाबदारी मुलीने घेतली आहे. गंजिफांची पेटी आता कपाटातून काढून बाहेरच्या खोलीतील फडताळात ठेवली असून शेजारच्या काकांनी येत्या रविवारी बसण्याचे कबूल केले आहे. खेळाडू वाढल्यावर पाने कशी वाटायची याविषयी आण्णा सावंतवाडीतील आपल्या जुन्या स्नेह्यांना फोन करून विचारणार आहेत.